फील्डवर गरम जेवण: हीटरची पिशवी, बॉक्समधलं किचन आणि गाडीतला बॉयलर, सगळ्यांचा रिव्ह्यू

लष्करी रेशनच्या व्हिडिओंमध्ये सगळे चवीवरच बोलतात, कुठला मेन्यू भारी, कुठला बेकार, बिस्किट किती कोरडं वगैरे. पण ते जेवण गरम कसं होतं, कोण करतं, किती वेळात आणि कुठे बसून, ह्यावर फार कमी लिहिलं जातं, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. त्यातही क्रूचा प्रश्न वेगळा. क्रू म्हणजे रणगाडा, तोफ, रडारची गाडी, सिग्नलचा ट्रक अशा एखाद्या यंत्राला बांधलेली तीन-चार माणसं. पायदळातल्या लोकांना पाळीपाळीने मागे किचनकडे पाठवता येतं, क्रूमधला एक माणूस गेला की यंत्रच अर्धं बंद. त्यामुळे जेवण त्यांच्यापर्यंत आलं पाहिजे किंवा त्यांच्याजवळच गरम झालं पाहिजे, तिसरा मार्ग नाही.

मी स्वतः सैन्यात नाही. मी बचाव पथकाच्या गाड्यांवर लोकांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था बघते, आणि आमच्याकडे लष्करी वस्तूंचे सिव्हिलियन अवतार येतात, त्याच पद्धतीच्या हीटर पिशव्या, स्वतः गरम होणारे ट्रे, इन्सुलेटेड डबे आणि गाडीच्या २४ व्होल्टवर चालणारे बॉयलर. हे सगळं पावसात, थंडीत, रात्री तीन वाजता वापरलंय, त्यामुळे जे लिहितेय ते वापरून लिहितेय, आणि जे लष्कराचं आहे ते वाचून.

पहिल्यांदा हीटरची पिशवी घेते कारण लोकांना तीच माहितीये. अमेरिकन एमआरईच्या (मील, रेडी-टू-ईट, म्हणजे सैनिकाला मिळणारं एका वेळचं तयार जेवण) पाकिटात जी हिरवी प्लास्टिकची पातळ पिशवी असते ती. एमआरई १९८१ मध्ये आलं, पण पिशवी त्याच्याबरोबर आली नाही, ती आली १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, तोवर लोक पाकीट थंडच खायचे किंवा गरम पाण्यात टाकायचे किंवा सरळ इंजिनवर ठेवायचे. पिशवीत एक चपटी गादी असते, तिच्यात मॅग्नेशियमची पूड, थोडं लोखंड आणि मीठ. पाणी पडलं की मॅग्नेशियमची पाण्याशी रिअ‍ॅक्शन होते आणि उष्णता बाहेर पडते. नुसतं मॅग्नेशियम पाण्यात टाकलं तर फार हळू चालतं, लोखंड आणि मीठ असल्यामुळे ते झपाट्याने होतं, म्हणजे एका अर्थी मुद्दाम घडवलेलं गंजणंच. आग नाही, धूर नाही, उजेड नाही. लष्कराला नेमकं हेच हवं होतं, रात्री स्टोव्ह पेटवला की लांबून दिसतो, पिशवी दिसत नाही.

दावा असा की साधारण २२७ ग्रॅमचं मेन पाकीट (म्हणजे मुख्य पदार्थाचं) १२ मिनिटांत ५६ डिग्री सेल्सियसने वाढतं, पाणी लागतं जेमतेम ३० मिली. दावा खरा आहे का? बऱ्यापैकी हो, पण अट एकच, सूचना पाळायच्या. पिशवीवर रेषा असतात, पाणी त्या रेषांच्या मध्येच हवं. जास्त ओतलं की सगळी उष्णता ते जास्तीचं पाणी तापवण्यातच जाते. मग पिशवी जरा तिरकी टेकवून ठेवायची, पिशवीवरच्या चित्रात ती दगडाला टेकवलेली दाखवतात. ते बघून लोक हसतात पण तिरकी ठेवण्याला कारण आहे, पाणी गादीवर सगळीकडे पोचतं आणि सांडत नाही. पूर्ण आडवी ठेवली तर तोंडातून गळतं, पूर्ण उभी ठेवली तर वरची गादी कोरडीच राहते आणि पाकिटाचा वरचा भाग गार. आणि पिशवी परत कागदी खोक्यात घालून ठेवायची, ते खोकं फेकायचं नाही, तेच तिचं इन्सुलेशन आहे. आमच्याकडे नवीन लोक खोकं पहिल्यांदा फेकतात आणि मग जेवण कोमट म्हणून तक्रार करतात.

जमलं तर मस्त जमतं. रस्सा असलेलं काहीही उत्तम गरम होतं. भात, बीन्सचा घट्ट लगदा असलं काही असेल तर मधे एकदा पाकीट दाबून हलवावं लागतं नाहीतर कडेला चटका आणि मधे गार. चटक्याचं म्हणाल तर पिशवीतून वाफ खरंच जोरात येते, हातमोजे असतील तर घाला.

आता वाईट बाजू, आणि ही क्रूसाठी जास्त महत्त्वाची आहे. ह्या रिअ‍ॅक्शनमधून हायड्रोजन निघतो. थोडाथोडका नाही, २४ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण संपलं तर साधारण २४ लिटर हायड्रोजन होतो, पिशवीत त्याहून कमी मॅग्नेशियम असतं पण हिशोब त्याच प्रमाणात. उघड्यावर काही फरक पडत नाही, हायड्रोजन हलका, लगेच उडून जातो. पण हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलं की तो पेट घेऊ शकतो, आणि चार माणसांनी झाकणं बंद असलेल्या गाडीत एकाच वेळी चार पिशव्या चालू केल्या आणि वर कुणी सिगारेट काढली तर काय, हा प्रश्न विचारायलाच हवा. पिशवीवर स्पष्ट लिहिलेलं असतं की हवेशीर जागेत वापरा, ज्योतीपासून लांब ठेवा. म्हणजे बघा, ज्या माणसाला गाडीतून बाहेर पडायचं नाहीये त्याला दिलेली वस्तू सांगते की हवेशीर जागा शोध. एकट्या चालणाऱ्या सैनिकासाठी बनवलेली गोष्ट क्रूच्या हातात दिली की असं होतं. शिवाय तो एक धातूसारखा ओशट वास, बंद जागेत बराच वेळ राहतो, काहींना त्याने मळमळतं.

थंडीत अजून एक गोची. पाणीच गोठलेलं असेल तर पिशवी सुरूच होत नाही. पाणी गोठणबिंदूच्या जरा वर असेल तर सुरू होते पण रडतखडत, आणि ५६ डिग्री वाढलं तरी सुरुवात शून्याच्या आसपास असेल तर शेवट ५६ लाच, त्यातही थंड हवा अर्धं खाऊन टाकते. एमआरईचं मेन पाकीट ओलं अन्न असतं, ते स्वतःच गोठतं. म्हणूनच अमेरिकनांनी कडक थंडीसाठी वेगळं फ्रीझ-ड्राय (गोठवून वाळवलेलं, पाणी काढलेलं) रेशन ठेवलंय, ज्यात गरम पाणी ओतायचं असतं. आणि गरम पाणी कुठून आणणार? ह्यावर पुढे येते.

एक गोष्ट मला बोलायचीच आहे. गरम जेवण का, ह्याचं उत्तर लोक देतात की शरीराला ऊब मिळते. हिशोब करून बघा. २२७ ग्रॅम अन्न ५६ डिग्रीने तापवायला लागणारी उष्णता ४५ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे १० ते १२ किलोकॅलरी. अख्ख्या एमआरईमध्ये साधारण १२५० किलोकॅलरी असतात. म्हणजे नुसत्या गरमपणातून मिळणारी ऊर्जा एक टक्कासुद्धा नाही! खरा फायदा वेगळा आहे, गरम असलं की माणूस ते संपवतो. थंड रश्श्यावर चरबी मेणासारखी जमते, दोन चमचे खाऊन पाकीट बाजूला जातं, आणि न खाल्लेल्या कॅलरी कुणाच्याच कामाच्या नाहीत. फील्डवर लोक रेशन पूर्ण खात नाहीत, वजन घटतं, दमतात, ही सगळ्या सैन्यांची जुनी डोकेदुखी आहे. मी आमच्या पथकात कचऱ्याची पिशवी बघते, अर्धवट पाकिटं किती, त्यावरून मला कळतं की आज गरम मिळालं की नाही. कुठल्याही फीडबॅक फॉर्मपेक्षा हे खरं.

आता बॉक्समधलं किचन. अमेरिकन लष्कराकडे १८ लोकांसाठीचा एक खोका आहे, आत अन्नाचे बंद ट्रे, मध्ये हीटर, मिठाच्या पाण्याच्या पिशव्या, बाहेर एक पट्टी. पट्टी ओढली की पाणी हीटरवर सांडतं आणि ३० ते ४५ मिनिटांत सगळे ट्रे गरम. ताटं, चमचे, पेयाची पूड सगळं आतच. स्वयंपाकी नको, इंधन नको, वीज नको. कल्पना म्हणून मला हे फार आवडतं, आणि आमच्याकडे अशाच पद्धतीचा छोटा खोका येतो तोही चांगला चालतो. सगळ्यांनी एका ट्रेमधून वाढून घेतलं की जेवण जेवणासारखं वाटतं, प्रत्येकजण आपापलं पाकीट पिळत बसत नाही. अडचण एवढीच की एकदा पट्टी ओढली की थांबवता येत नाही आणि अर्धा खोका गरम करता येत नाही. चौघांच्या क्रूला १८ जणांचा खोका म्हणजे चौदा जणांचं वाया. चार-पाच गाड्या एकत्र उभ्या असतील तर बेस्ट, गाड्या पांगलेल्या असतील, आणि आजकाल ड्रोनच्या भीतीने त्या पांगलेल्याच असणार, तर हा खोका कुणाकडे ठेवायचा हाच वाद. हायड्रोजनचा मुद्दा इथेही आहेच, उघड्यावरच ओढायचा.

मागच्या किचनमधून डब्यात भरून पाठवणं ही सगळ्यात जुनी सर्व्हिस आणि चवीला सगळ्यात वरची, ह्यात शंका नाही. ताजं शिजवलेलं ते ताजंच. पण ही सर्व्हिस डब्यावर कमी आणि माणसांवर जास्त अवलंबून आहे. डबा कितीही जाड इन्सुलेशनचा असू दे, भरताना आधी उकळतं पाणी घालून तापवला नसेल तर पहिल्या तासातच उष्णता डब्याच्या भिंतीत जाते. आणि इथे नुसत्या चवीचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की शिजवलेलं अन्न ६० डिग्रीच्या वर ठेवा, ५ ते ६० च्या मधला पट्टा धोक्याचा. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जीवाणू आहे, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि ४५ डिग्रीच्या आसपास तो तुफान वाढतो, म्हणजे नेमकं मोठ्या भांड्यात हळूहळू गार होणाऱ्या मांसाच्या रश्श्यात. एका भांड्यातून सगळ्यांना वाढलं की सगळेच एकदम आजारी. म्हणून डबा निघताना आणि पोचल्यावर थर्मामीटर घालून बघणं ही माझी सक्ती आहे, पोचल्यावर ६० च्या खाली आणि वेळेची खात्री नाही तर मी ते वाढत नाही, कुणी कितीही नाराज झालं तरी. एका कंत्राटदाराकडून आम्हाला नियमित कोमट डबे यायचे, त्यांचं म्हणणं रस्ता खराब, माझं म्हणणं की रस्ता खराब असतो हे आपल्याला निघायच्या आधी माहीत असतं.

आता माझं लाडकं, गाडीतला बॉयलर. ब्रिटिश ह्याला बीव्ही (बॉइलिंग व्हेसल) म्हणतात, एक चौकोनी धातूचं भांडं, घट्ट झाकण, गाडीच्या विजेवर चालतं, आतल्या आत बोल्ट केलेलं. १९४५ च्या सेंच्युरियन रणगाड्यापासून ब्रिटिश रणगाड्यांत हे बसवायला लागले आणि आजच्या चॅलेंजर २ मध्येही आहे. लोक ह्याला ब्रिटिशांचं चहाचं वेड म्हणून सोडून देतात, पण ह्यामागचं कारण गंभीर आहे. दुसऱ्या महायुद्धात क्रू बाहेर उतरून चहा करायचे, वाळवंटात तर कापलेल्या पत्र्याच्या डब्यात वाळू, वाळूवर पेट्रोल आणि काडी, असा बेंगाझी बर्नर चालायचा. युद्धानंतर ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय लोकांनी रणगाडा रेजिमेंटच्या हानीचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत जे क्रू मेले किंवा जखमी झाले त्यातले एक तृतीयांशाहून जास्त त्या वेळी गाडीच्या बाहेर होते. एवढं जाड चिलखत आणि माणूस बाहेर. तेव्हा पाणी आतच उकळण्याची सोय ही चैन नव्हती, जीव वाचवण्याचं साधन होतं, आणि मला वाटतं खाण्याच्या व्यवस्थेच्या इतिहासात इतका सरळ विचार फार कमी वेळा झालाय.

वापरायला कसं असतं? आमच्या गाडीत बसवलेला सिव्हिलियन प्रकारचा आहे पण तत्त्व तेच. पाणी भरा, त्यात बंद पाकिटं सोडा, झाकण लावा, बटण दाबा, विसरा. ब्रिटिश रेशनची पाकिटं मुळातच उकळत्या पाण्यात गरम करण्यासाठी बनवलेली असतात त्यामुळे जोडी जमते. वेळ लागतो हे मान्य. समजा ५०० वॉटचा बॉयलर आणि अडीच लिटर पाणी २० डिग्रीला, तर उकळायला आदर्श हिशोबाने २८ मिनिटं, प्रत्यक्षात जास्तच. पिशवी १२ मिनिटांत काम करते, मग बॉयलर का? कारण त्या २८ मिनिटांत कुणालाही काही करावं लागत नाही. गाडी चालू आहे, काम चालू आहे, थांबल्यावर चौघांचं जेवण तयार, आणि दोन तास थांबता आलं नाही तरी ते गरमच आहे, पिशवीचं तसं नाही, पिशवी एकदा विझली की संपली. वर चहा-कॉफीला पाणी, फ्रीझ-ड्राय पाकिटाला पाणी, गोठलेली बाटली वितळवायला जागा, सगळं एकाच भांड्यात. पाकिटं उकळलेलं पाणी मात्र मी प्यायला देत नाही, पाकिटांच्या बाहेर धूळ आणि डिझेलचे हात लागलेले असतात, ते भांडी आणि हात धुवायला. पिण्याचं पाणी आधी उकळून थर्मासमध्ये काढायचं, मग पाकिटं टाकायची, हा क्रम लावून घेतला की भांडण नाही.

दोष आहेत. इंजिन बंद असताना बॅटरीवर चालवलं तर ५०० वॉट म्हणजे २४ व्होल्टला २१ अँपिअर, तासाला २१ अँपिअर-अवर गेले. रेडिओ आणि इतर यंत्रं त्याच बॅटरीवर असतील तर हा खर्च परवडत नाही, म्हणून इंजिन बंद व्हायच्या आधी उकळून घ्यायचं आणि नंतर झाकण उघडायचंच नाही, बऱ्यापैकी वेळ धरून ठेवतं. उंचावर गेलात तर पाणी कमी तापमानाला उकळतं, ३००० मीटरला साधारण ९० डिग्रीला, पाकीट गरम करायला तेवढं पुरतं, कच्चं काही शिजवायला मात्र वेळ लागतो. तळाला क्षार जमतात, ते साफ केले नाहीत तर वेळ वाढत जातो. आणि झाकणाची कडी पक्की हवी म्हणजे हवीच, खड्ड्यात उकळतं पाणी अंगावर येणं ही थट्टा नाही, आम्ही एक स्वस्तातला बॉयलर फक्त कडीसाठी परत केला.

इंजिनच्या गरम पाइपवर डबा ठेवणं अजूनही चालतं, जगात सगळीकडचे क्रू करतात. फुकट आहे, पण बंद डबा भोक न पाडता ठेवला तर फुटतो, आणि पाकिटाचं प्लास्टिक पाइपला चिकटलं तर तो वास निघता निघत नाही. ब्रिटिशांनी १९४४ च्या नॉर्मंडी मोहिमेत सूपचे स्वतः तापणारे डबे दिले होते, मधल्या नळीत जळणारं इंधन, वात सिगारेटने पेटवायची आणि सूप मिनिटांत गरम. त्यातही आधी भोकं पाडायला विसरलं की डबा फुटून सूप अंगावर. भारी शोध होता, पण दमलेल्या माणसाच्या विसरण्यावर जी वस्तू उभी आहे तिला मी पूर्ण मार्क देत नाही.

माझे मार्क. हीटरची पिशवी ५ पैकी ३.५, एकट्या माणसासाठी उघड्यावर ४.५ सुद्धा देईन, बंद गाडीतल्या क्रूसाठी ३ च्या वर नाही. बॉक्समधलं किचन ४, गाड्या जवळ उभ्या असतील तर. किचनमधून आलेले डबे, आणणारी माणसं चांगली असतील तर ५, नसतील तर शून्य, मधलं काही नाही. गाडीतला बॉयलर ४.५, अर्धा मार्क बॅटरीमुळे कापला. पण निवड एकच करायला सांगितली तर मी बॉयलर घेईन, कारण बाकी सगळ्या सोयी क्रूला काहीतरी करायला लावतात, बाहेर ये, हवा शोध, वाट बघ, मागे जा. आणि तरीही अमेरिकन एमआरई सलग २१ दिवसांपेक्षा जास्त देऊ नये असा त्यांचाच नियम आहे, तेव्हा बॉयलर असला तरी मागचं किचन बंद करून चालणार नाही, अधूनमधून ताजं शिजवलेलं पोचलंच पाहिजे.

गाडी नवीन बनवून घेत असाल तर बॉयलरची जागा आणि वायर पहिल्या ड्रॉइंगमध्येच टाकून घ्या. नंतर बसवला की तो कुणाच्या तरी गुडघ्याला लागतो आणि फ्यूज रेडिओच्या लाइनवर जातो. तोटी खालच्या बाजूला आणि मगच्या उंचीवर हवी. आणि बॉयलर असला तरी प्रत्येक माणसामागे दोन हीटर पिशव्या गाडीत ठेवाच, वीज गेली तर त्याच कामाला येतात. त्या ओलाव्यापासून लांब, पाण्याच्या कॅनच्या शेजारी बिलकुल नको, हवेतल्या ओलाव्यानेसुद्धा गादी हळूहळू संपते. वेष्टन फाटलेलं किंवा पिशवी फुगलेली दिसली तर ती लगेच बाहेर काढा, उघड्यावर पाणी घालून पूर्ण संपवा आणि मगच कचऱ्यात टाका.